डाकिणीचे एकेचाळीस फोटो

बोरटेक गावातल्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये त्या शुक्रवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खोक्यांच्या थप्प्या एका बाजूला सारल्या होत्या, जमिनीवर ताडपत्र्या अंथरल्या होत्या, आणि एरवी केळीच्या फण्या धुतात त्या हौदाच्या कट्ट्यावर भला मोठा टीव्ही मांडला होता. टीव्हीला झेंडूचा हार. शेजारी मखमली आसनावर पांढऱ्या कफनीतले उजेडबाबा, आणि त्यांच्यावर सोडलेला एक झगझगीत फोकस. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसतं पांढरंफटक. त्या पांढऱ्याकडे पाच-सहाशे माणसं डोळे ताणून बघत होती.

"बोला, शरीर कशाचं?" बाबांनी विचारलं.

"मातीचं!" गर्दी ओरडली. हे आतापर्यंत पाठ झालं होतं.

"आत्मा कशाचा?"

"उजेडाचा!"

"आणि कॅमेरा काय पकडतो? काय पकडतो? अरे, उजेडच पकडतो ना! मग माणूस मरायच्या दोन महिने आधी त्याचा फोटो पांढरा का पडतो? बोला, आहे कुणा एमबीबीएसकडे उत्तर?" बाबांनी गर्दीत एमबीबीएस शोधला. तो नव्हता. "कारण आत्मा तेव्हाच निघायला लागला होता. डॉक्टरच्या मशीनला दिसलं नाही, कॅमेऱ्याला दिसलं. याला म्हणतात सायन्स!"

टाळ्या पडल्या. 'सायन्स' शब्दाला तर जरा जास्तच पडल्या.

कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा लावून निजाम उभा होता. शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ, तीस वर्षांचा. कार्यक्रमाचं शूटिंग करायला गावानं त्याला बोलावलं होतं, म्हणून तो आला होता. पाच महिन्यांपूर्वी त्याची बायको शहाबानो गेली. तेव्हापासून तो असाच होता. बोलावतील तिथे जायचं, बटण दाबायचं, घरी येऊन इफ्फतनं, म्हणजे मुलीनं, वाढलेलं खायचं. लग्नाची हळद असो की मेलेल्याची गंधमुक्ती, त्याला दोन्ही सारखंच वाटे. खरं तर काहीच वाटत नसे. बाबांचा हा सगळा तमाशाही तो दुकानाच्या शटरकडे बघावं तसा बघत होता.

सकाळपासून तीन बाया मोबाईल घेऊन पुढे आल्या होत्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, सगळे उन्हात पांढरे पडलेले. बाबांनी तिघींनाही परत पाठवलं होतं. "मोबाईल आत्म्याला चिरडतो, माई. तुमचा माणूस पुढे गेला. मला कॅमेऱ्याची मूळ पेनड्राइव्ह लागते." पेनड्राइव्हला मूळ म्हणणारा हा पहिलाच साधू, एवढं निजामच्या मनात येऊन गेलं.

आता पडद्यावर होता तो पेनड्राइव्हमधलाच फोटो. तो आणला होता कौसाबाईनं. गावातलं खातंपितं घर, केळी आणि ऊस. तिचा मुलगा मगन, आणि मगनची बायको रुचिका. रुचिका पौषात बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी झटके येऊन गेली. बाळ वाचलं. कौसाबाई पहिल्या रांगेत त्या दोन महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मगन तिच्यामागे उभा होता.

बाबांनी मांडीवरच्या टॅब्लेटवर काळं कापड टाकलं. हात कापडाखाली गेला. ओठ पुटपुटू लागले. निजामची नजर सवयीनं त्या कापडावर गेली. कापडाखाली बाबांचा अंगठा हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकत होता.

आणि पडद्यावरच्या पांढऱ्यात आधी दाराची चौकट दिसू लागली. मग हिरवी साडी, फुलांचे दागिने. मग हनुवटी, नाक आणि डोळे.

"मन्ही रुचिका!" कौसाबाईनं हंबरडा फोडला. "माय वं, मन्ही सून उनी!"

शेडभर रडारड झाली. कुणी जमिनीला डोकं टेकलं. मगन पडद्याकडे बघत राहिला. निजामनं दाराच्या चौकटीवरचं तोरण ओळखलं. आंब्याच्या पानांमध्ये एक निळा प्लास्टिकचा मोर होता. तो फोटो त्यानंच काढला होता.

बाबांचा अंगठा आणखी थोडा सरकला. रुचिकाच्या उजव्या हाताला पांढऱ्या भिंतीवर काहीतरी काळं उमटायला लागलं. लांबट अंग, मोठं डोकं. दोन्ही हात डोक्याकडे नेलेले आणि कोपरं बाहेर. कमरेशी काहीतरी लोंबणारं.

"तठे कोन उभी शे?" मागून एक बाई किंचाळली.

बाबांनी डोळे मिटले. हेच तर त्यांना हवं होतं. "जिनं नेलं ती. फोटोत येते, डोळ्याला येत नाही. मी नाव घेत नाही. नाव तुम्हीच घ्या. डोक्यावर दोन्ही हात धरून कोण चालतं? कमरेला झोळी कोण बांधतं? बाळंतिणीला हात कुणी लावला?"

फार वेळ लागला नाही. सत्तरीची कालीबाई गावाच्या कडेला नाल्यापलीकडे एकटी राहायची. रोज रानातून लाकडाची मोळी डोक्यावर दोन्ही हातांनी धरून आणायची, कमरेला झोळी बांधायची, आणि गावातल्या निम्म्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची.

"कालीबाई!" कुणीतरी म्हणालं. मग पाच जण म्हणाले. मग 'डाकीण' हा शब्द शेडमध्ये फिरला, आणि एकदा तो फिरला की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघेनाशी होतात.

"रविवारी तिला इथं आणा," बाबा म्हणाले. "ती कबूल करेल. मग पुढचं गावानं ठरवायचं."

निजामनं कॅमेरा बंद केला, तिपाई मिटली आणि मोटारसायकलला किक मारली.

शहाद्याच्या रस्त्यावर केळीचे ट्रक आडवे येत होते. निजामला तो कार्तिकातला दिवस आठवला, आणि आठवून काही विशेष वाटलंही नाही. शहाबानोचं चाळीसवं उरकून जेमतेम आठवडा झाला होता. रुचिकाचं डोहाळजेवण. आधी आत देवघरात फोटो काढले. तिथे अंधार, म्हणून कॅमेरा अंधाराच्या हिशेबानं लावला. मग बाहेर, दुपारी चारच्या उन्हात, नव्यानं चुना मारलेल्या भिंतीपुढे तिला उभी केली. एक चाक फिरवायचं असतं. शिकाऊ पोरगासुद्धा पहिला फोटो काढून मागचा पडदा बघतो. निजामनं चाक फिरवलं नाही आणि पडदाही बघितला नाही. एकामागोमाग एकेचाळीस फोटो काढले आणि सगळे पांढरे पडले.

मगन फोटो न्यायला आला तेव्हा निजामनं "फोटो जळाले" एवढंच सांगितलं होतं, आणि कार्डात होतं ते सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं होतं. त्यात कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलीही होत्या. मोबाईलचा फोटो जळला की जळला, पण कच्च्या फाईलीत कॅमेरा दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त साठवून ठेवतो. संगणकावर बसून उजेडाची पट्टी मागे ओढली असती तर फोटो परत आले असते. अर्ध्या तासाचं काम. निजामला ते येत होतं. त्यानं केलं नाही, इतकंच.

स्टुडिओत आल्यावर त्यानं दिवा लावला आणि जुनी हार्डडिस्क जोडली. इफ्फत चहा घेऊन आली. ती बावीस वर्षांची, दुकानात अल्बमची मांडणी तीच करायची. तिनं गावातली बातमी ऐकली होती.

"अब्बू, सच में चेहरा आया?"

निजामनं पहिला पांढरा फोटो उघडला आणि पट्टी डावीकडे ओढली. मंत्र नाही, काळं कापड नाही. रुचिका तोरणाखाली उभी राहिली, थोडी लाजलेली. गालावरची एक बाजू तरीही कोरीच राहिली, तिथलं गेलं ते गेलं. पण ओळखू येत होती.

इफ्फत वाकून भिंतीवरची काळी आकृती बघत होती. बघता बघता ती फिसकन हसली.

"अब्बू, ये तो आप हो! कोहनी देखो ना. अम्मी क्या कहती थीं? फोटो खींचते हो तो दो कान की हंडी लगते हो."

निजामनं पडद्याकडे पाहिलं. दोन हात डोळ्यापाशी कॅमेरा धरून, कोपरं दोन्हीकडे बाहेर. डोक्यावर कॅप. कमरेला कॅमेऱ्याची बॅग. पाठीमागून पश्चिमेचं ऊन, आणि समोरच्या भिंतीवर त्याची स्वतःची सावली. त्यानं पुढचा फोटो ओढला, मग त्याच्या पुढचा. डाकीण एक पाऊल डावीकडे सरकली. डाकीण गुडघ्यावर बसली. अकराव्या फोटोत डाकिणीनं एक हात सोडून रुचिकाला 'जरा उजवीकडे' अशी खूण केली होती.

"अब बोलोगे ना गाँव में?" इफ्फतनं विचारलं.

"देखेंगे," निजाम म्हणाला, आणि चहा प्यायला. तो गार झाला होता.

शनिवारी दुपारी जीन्स आणि टी-शर्ट घातलेला एक माणूस स्टुडिओत आला. कपाळावरचं गंध पुसल्याची खूण तेवढी राहिली होती. निजामला तो बाबा आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

"काल तुमची नजर माझ्या अंगठ्यावर होती, निजामभाई," बाबा खुर्ची ओढून बसत म्हणाला. कफनी उतरली तशी भाषाही उतरली होती. "फोटोवालाच अंगठा बघतो. मी सुरतला आठ वर्षं अल्बमच्या लॅबमध्ये होतो. दिवसाला दोनशे नवऱ्या गोऱ्या केल्या. आपण एकाच धंद्यातले."

"ती सावली माझी आहे," निजाम म्हणाला.

"माहीत आहे ना. पहिल्याच दिवशी कळलं." बाबा हसला. "पण चेहरा आणून दिला तर लोक एकदा रडतात आणि घरी जातात. मागे कुणीतरी दाखवलं की परत येतात. म्हातारीला काय होणार? चार शिव्या खाईल, गाव सोडून जाईल. तिचं आहे काय गावात?"

निजाम लेन्स पुसत राहिला. बाबाला ते बरं वाटलं. तो पुढे सरकला, आवाज मऊ केला.

"भाभींचं ऐकलं मी. वाईट झालं. त्यांचा एखादा फोटो असेल ना, पांढरा पडलेला?"

होता. म्हणजे बाबाला ते कुणी सांगायची गरज नव्हती, ज्याच्या घरात मोबाईल आहे त्याच्याकडे असा एक फोटो असतोच. निजामनं दुनियेचे फोटो काढले, पण शहाबानो कॅमेरा दिसला की पळायची. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना ती एकदाच आपणहून म्हणाली होती, "निकालो, आज मेरा भी निकालो." त्यानं हातातल्या मोबाईलवर काढला. ऊन, पांढरी चादर, पांढरी ओढणी. चेहऱ्याच्या जागी काहीच उमटलं नव्हतं. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं सगळी सॉफ्टवेअर लावून बघितली. पट्टी ओढली की चेहऱ्याच्या जागी करडा डाग यायचा, बस. जे कधी आलंच नव्हतं, ते परत कुठून येणार?

पण त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि बाबापुढे धरला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

"बहिणीचा फोटो?" बाबानं विचारलं. ईदचा एक होता, अस्माचा, शहाबानोच्या धाकट्या बहिणीचा. बाबानं दोन्ही फोटो टॅब्लेटवर घेतले, कसलंसं अॅप उघडलं, आणि दोन मिनिटांत टॅब्लेट फिरवून निजामपुढे ठेवला. मग तोच फोटो त्याच्या मोबाईलवरही पाठवला.

गच्ची तीच होती. चादर तीच, बिबडे तेच. ओढणीत एक गोरी, नीटनेटकी बाई ओठ मिटून हसत होती.

शहाबानोच्या डाव्या डोळ्याखाली कांजिण्यांचा व्रण होता. आणि ओठ मिटून हसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, हसली की पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. निजाम त्या बाईकडे बघत राहिला. काही वाटतं का, याची वाट बघत राहिला. काही वाटलं नाही. त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती याची, की आणखी महिनाभर रोज हिच्याकडे बघितलं तर हीच शहाबानो होईल, आणि तो व्रण आपण विसरून जाऊ.

"लोकांना खरं नको असतं, निजामभाई," बाबा उठत म्हणाला. "चेहरा हवा असतो. उद्या शूटिंगला या."

"येतो," निजाम म्हणाला.

रविवारी शेडमध्ये शुक्रवारच्या दुप्पट माणसं होती. कालीबाईला दोघांनी दंड धरून आणलं होतं आणि हौदाच्या कट्ट्याखाली बसवलं होतं. तिनं हात मांडीवर ठेवले होते. ती रडत नव्हती की बोलत नव्हती. तिच्याभोवती चार हात जागा रिकामी सोडली होती, ज्या बायांच्या लेकरांना तिनं तेल लावून मोठं केलं त्याही तेवढ्याच लांब बसल्या होत्या. निजामनं तिच्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं, हिचीही अवस्था आपल्यासारखीच झाली आहे, फक्त हिला दोन दिवस पुरले.

बाबांनी "शरीर कशाचं?" सुरू केलं. निजाम कॅमेरा सोडून कट्ट्यावर चढला. फोटोवाला तार बघायला चढलाय असंच सगळ्यांना वाटलं. त्यानं टीव्हीतून बाबांच्या टॅब्लेटची तार काढली आणि स्वतःच्या लॅपटॉपची खोचली. पडदा पांढरा झाला.

"काय करी ऱ्हायना, निजामभाई?" पोलीस पाटील दिलवरसिंग पुढे येत म्हणाले.

"पाटील, पाच मिनिटं द्या. मंग माले खाली उतारा," निजाम म्हणाला. मोठ्यानं बोलायची सवय गेली होती, आवाज घोगरा आला. "हाऊ फोटो मी काढेल शे. मन्ही चूक व्हती म्हनीसन तो पांढरा पडना. आत्मा-बित्मा काही नही. देवघरमा अंधार व्हता, मी कॅमेरा तसाच उनमा लई उनू. एक चाक फिरावानं ऱ्हायनं."

"हे अपवित्र हात..." बाबा उठले.

"बसा," पोलीस पाटील म्हणाले. बाबा बसले नाहीत, पण गप्प झाले.

"कॅमेरा फोटो दोन तऱ्हाना ठेवस. एक रांधेल, एक कच्चा. रांधेल भाजीमा मीठ जास्त पडनं ते निंघत नही. मोबाईलना फोटो तसा शे, म्हनीसन बाबांनी त्या तीन बायास्ले वापस धाडं. कच्चं धान्य घरमा शे, ते परत रांधता येस. पेनड्राइव्हमा ते कच्चं व्हतं. देखा." त्यानं एक बोट लॅपटॉपवर ठेवलं आणि सगळ्यांना दिसेल असं डावीकडे सरकवलं. रुचिका तोरणाखाली आली. उजवीकडे सरकवलं, ती गेली. डावीकडे सरकवलं, आली. "बाबा कापडना खाले हाईच करतस. मगन, तू ये. तू कर."

मगन कट्ट्यावर आला. त्यानं पट्टी ओढली आणि त्याची बायको त्याच्या बोटानं पडद्यावर आली. तो बोट उचलेना.

"आन ती डाकीण?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

निजामनं बाबांच्या अंगावरचा फोकस फिरवून शेडच्या भिंतीकडे केला, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, कॅप घातली, बॅग कमरेला लावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. भिंतीवर काळी आकृती उभी राहिली. दोन्ही हात डोक्याशी, कोपरं बाहेर, कमरेशी झोळी.

मग निजामनं एकेचाळीस फोटो एकामागून एक सोडले. डाकीण सरकली, डाकीण वाकली, डाकीण गुडघ्यावर बसली. अकराव्या फोटोत तिनं 'उजवीकडे सरक' म्हणून हात केला तेव्हा पुढच्या रांगेतलं एक पोर खदखदून हसलं, आणि मग बाकीचेही हसले. कालीबाई हसली नाही. ती पडद्याकडे बघतच नव्हती.

"हाई सावली मन्ही शे," निजाम म्हणाला. "कालीबाई त्या दिन आंगनमा बी नव्हती."

कौसाबाई उठली. बाळ तिनं खांद्याला लावलं होतं. ती बाबांकडे गेली नाही, सरळ निजामपुढे येऊन उभी राहिली.

"तुनाजोडे हाऊ फोटो व्हता? इतला दिन?" तिचा आवाज चिरकला. "मंग माले काबरं नही दिधा? मी या लुच्चाना पायवर डोकं ठेवं. काबरं नही दिधा?"

हा प्रश्न येणार हे निजामला शुक्रवारपासून माहीत होतं.

"अर्धा तासनं काम व्हतं, माय. मी करं नही," तो म्हणाला. "मन्ही बायको मरेल व्हती. माले काही करावंसं वाटे नही. मी फोटो सुधारी दिधा असता, ते या मानूसले आठे दुकान मांडाले जागाच नव्हती. बाबा लुच्चा शे, पन हाई चूक मन्ही शे."

मग त्यानं आणखी एक गोष्ट केली, जी करायचं त्यानं ठरवलं नव्हतं. खिशातला मोबाईल काढला, गच्चीवरचा फोटो टीव्हीवर लावला. ओठ मिटून हसणारी गोरी बाई. "हाई बाबांनी मन्हा तोंड बंद कराले बनाई दिधी. मन्ही सालीना फोटो टाका, मशीननी चेहरा बनाई टाका. मन्ही बायकोले डोयाखाले व्रण व्हता. तिना दात तुटेल व्हता. हाई मन्ही बायको नही." त्यानं बोट दाबलं आणि ती बाई पुसून टाकली. मागे मूळचा फोटो आला, पांढरी ओढणी आणि आत काही नाही. "मन्ही बायको हाई शे. दिसत नही, पन हाईच शे."

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. उजेडबाबा शेडच्या मागच्या दारानं निघाले होते. दिलवरसिंग पाटलांनी दोन माणसं मागे पिटाळली आणि त्यांना केळीच्या बांधावरून धरून आणलं. जादूटोणाविरोधी कायद्याखालच्या तक्रारीचा कागद पाटलांनी त्याच संध्याकाळी शहाद्याच्या ठाण्यात दिला.

पण त्याआधी कालीबाई बोलली. दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही जमिनीकडे बघून.

"मी दोन येळे सांगं व्हतं, कौसाबाई. पोरना पाय सुजेल शेत, डोकं दुखी ऱ्हायनं, डोयापुढे अंधारी येस. दवाखानामा लई जा. तू म्हने, पहिली खेप शे, व्हस असं."

मगननं आईकडे पाहिलं. दवाखान्यानं दिलेला कागद त्यानं घडी घालून कपाटात ठेवला होता, उघडून वाचला नव्हता. रक्तदाब फार वाढला होता, आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यात लिहिलेलं होतं. डाकीण सापडली की तो कागद वाचावा लागत नाही. बोरटेकला डाकीण इतक्या लवकर सापडली ती यासाठी. जिथे जिथे ती सापडते तिथे असाच एखादा कागद कपाटात पडलेला असतो, तो आधी वाचावा.

आठ दिवसांनी कौसाबाई स्टुडिओत आली. बरोबर कालीबाई होती, आणि बाळ कालीबाईच्या कडेवर होतं. निजामनं रुचिकाचा फोटो मोठा करून ठेवला होता. त्यावर तो तीन संध्याकाळी बसला होता. गालाची कोरी बाजू त्यानं तशीच ठेवली होती, भरली नव्हती.

"सावली पुशी टाकू, माय?" त्यानं विचारलं. "आठेच बसा. एक मिनिटनं काम शे."

कौसाबाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. बाळानं कालीबाईच्या झोळीचं टोक तोंडात घातलं होतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

फोटो आता त्याच पांढऱ्या भिंतीच्या आतल्या बाजूला, ओसरीवर लावलेला आहे. येणारी पाहुणी बाई रुचिकाकडे बघून हळहळते आणि मग घाबरून विचारते, ते बाजूला काळं कोण उभं आहे? कौसाबाई सांगते, "ती फोटोवालानी सावली शे." आणि पाहुणी पोटुशी असेल तर तिला दारातच थांबवते, खाली वाकते, आणि तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघते, सुजेचा खळगा पडतो का.